साप दीड हातावर, मामा अंगणात

नागपुरात चार माणसं उन्हाळ्यात एका कूलरसमोर आठ दिवस बसली की त्यांचं मंडळ होतं. मंडळ झालं की घटना लागते, अध्यक्ष लागतो, इतिवृत्ताची वही लागते, आणि एवढं सगळं जमल्यावर आपण नेमकं कशासाठी जमलो होतो ते आठवायला एक विशेष सभा लागते. शहाऐंशी सालच्या मे महिन्यात सीताबर्डीच्या एका गल्लीत 'विद्युत्क्रीडा रसिक मंडळ' निघालं ते असंच निघालं.

त्या गल्लीत नत्थूजींचं चटयांचं दुकान होतं. चटया विकल्या जाईनात म्हणून त्यांनी मुंबईहून एक व्हिडिओ गेमचं कपाट आणून ठेवलं. रुपयाचं नाणं टाकलं की काचेवर चित्रं हलायची. कपाटावर पूर्वेकडच्या कुठल्याशा देशाच्या लिपीत नाव होतं, ते कुणालाच वाचता येईना, म्हणून पोरं त्या खेळाला 'कोंबडी' म्हणायची. खेळ साधा होता. एक कोंबडी डोक्यावर अंडी घेऊन पुलावरून चालायची. खालच्या पाण्यातून साप वर यायचा. सापाने गाठलं की रुपया संपला. आणि अगदी वरच्या बाजूने मधूनमधून टोपीवाला एक माणूस उजवीकडून डावीकडे चालत जायचा. तो काही करायचा नाही, बोलायचा नाही, त्याला कुणी मारू शकायचं नाही. त्याला पोरं 'मामा' म्हणायची. सोबतीला सात सुरांची एक टिंवटिंव सतत वाजत असायची.

मार्तंड पेठे हे महाल भागात राहणारे, सरकारी कचेरीतले त्रेचाळीस वर्षांचे कारकून. ते त्या दुकानात पहिल्यांदा शिरले ते कूलरसाठी. नुसतं कूलरसमोर उभं राहायची लाज वाटली म्हणून त्यांनी एक रुपया टाकला. दुसऱ्या दिवशी दोन टाकले. त्यांच्यासारखेच लाजेपोटी आलेले आणखी सहाजण तिथे होते. त्यांत निवृत्त संस्कृत शिक्षक श्रीधरपंत होते आणि पक्षकारांपासून तोंड लपवत फिरणारे मुकुंद वकील होते. पोरांच्या रांगेत उभं राहणाऱ्या सात प्रौढ माणसांना स्वतःला सांगायला काहीतरी कारण हवं होतं. श्रीधरपंतांनी ते दिलं. ते म्हणाले की हा खेळ नाही, हे नाटक आहे, आणि मामा हा त्यातला साक्षी पुरुष आहे. या विषयावर ते सव्वा तास बोलले. सर्वांना फार बरं वाटलं.

मग ठराव झाला की यंत्राची ती टिंवटिंव या नाटकाला शोभत नाही. मंडळाने पात्रांना आवाज द्यावेत, गाणी रचावीत, कॅसेट करावी, आणि ती यंत्राच्या डोक्यावर टेपरेकॉर्डर ठेवून खेळाबरोबर वाजवावी. नत्थूजींनी संमती दिली. त्यांना फक्त वीजबिल कोण देणार एवढंच विचारायचं होतं.

ध्वनिमुद्रणाचं काम मार्तंडरावांकडे आलं, कारण त्यांच्या मेहुण्याने कुवेतहून दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर आणला होता. पण ते नुसतं यंत्रामुळे नव्हतं. मार्तंडरावांना देवाने कान दिले होते. शेजारच्या घरात तंबोरा उतरला तर त्यांना जेवण जात नसे. आणि असे कान दिल्यावर देवाने गळ्याच्या बाबतीत हात आखडता घेतला होता. रेडिओच्या आवाज-चाचणीला ते तीनदा बसले आणि तीनदा एकाच मजकुराचं पत्र आलं. ती तिन्ही पत्रं त्यांनी ट्रंकेत ठेवली होती. आयुष्यात एकदा तरी आपला आवाज अनोळखी माणसांनी मुकाट्याने ऐकावा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. मामाचा आवाज आपण देऊ, असं त्यांनी सभेत सुचवलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मामा काहीच करत नसल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

पहिली कॅसेट पंधरा दिवसांत तयार झाली. संगीत नाटकाला नांदी हवीच, म्हणून श्रीधरपंतांनी चार मिनिटांची नांदी रचली होती. त्यानंतर सूत्रधार, त्यानंतर कोंबडीचा प्रवेश. कॅसेट लावली, एका पोराने रुपया टाकला, आणि गणेशस्तवनाचं दुसरं कडवं चालू असताना साप कोंबडी गिळून मोकळा झाला. दुसऱ्याने टाकला. तोही नांदीतच मेला. संध्याकाळपर्यंत बावीस कोंबड्या मेल्या आणि पडदा काही उघडला नाही.

दुकानात नाण्यांची मोड द्यायला आणि झाडलोट करायला तुळसाबाई रंगारी नावाच्या बाई होत्या. रोज सकाळी कामठीहून बसने यायच्या, दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या. चाळिशीच्या, उंच, गळ्यात काळी पोत, कपाळ मोकळं. त्यांनी मार्तंडरावांना बाजूला बोलावलं.

"भाऊ, राग नका मानू. नवखं पोरगं दीड मिनिट टिकते. तुमचं गाणं सुरू होऊन राह्यते तवर कोंबडी मरून राह्यते."

मार्तंडरावांनी ही गोष्ट सभेत मांडली. मंडळाने तीन बैठका घेतल्या. श्रीधरपंतांचं म्हणणं होतं की पोरांनी खेळ सुधारावा. शेवटी नांदी काढायची नाही पण 'तात्पुरती स्थगित' करायची, असं ठरलं आणि सर्वांचा मान राहिला.

दीड मिनिटात नाटक बसवायचं म्हणजे प्रत्येक आवाज नेमका पाहिजे. कोंबडीचं काम मुकुंद वकिलांकडे होतं. वकिलांचं वजन दोन मणांहून जास्त, आणि आवाज त्याच मापाचा. पण मार्तंडरावांना युक्ती माहीत होती. उतरलेल्या सेलवर टेप सावकाश फिरवून त्यांनी वकिलांचं गाणं घेतलं आणि नव्या सेलवर वाजवलं, तशी वकिलांची अशी काही चटपटीत कोंबडी झाली की खुद्द वकीलच आपल्याला ओळखेनात. सापाचं मात्र जमेना. तिघांनी प्रयत्न केला. तिघांचाही साप नोटीस वाचून दाखवल्यासारखा वाटायचा.

साप सापडला तो योगायोगाने. मार्तंडराव यंत्राचे ते सात सूर टिपायला एका दुपारी दुकानात टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते. घरी येऊन वाजवून पाहिलं तर सुरांच्या मधोमध एक बाई ओरडली होती, "मेली गा तुही कोंबडी! ऊठ आता, दुसऱ्याले बसू दे." तुळसाबाई दिवसातून शंभरदा हे म्हणायच्या. दुकानात ते कुणाला ऐकूही येत नसे. टेपवर मात्र तो आवाज असा उभा राहिला की मार्तंडरावांनी हातातला चहा खाली ठेवला. त्यात खरखर होती, गोडवा होता, आणि सूर तर असा पक्का की यंत्राच्या चौथ्या सुराला जाऊन बरोबर बसला होता. त्यांनी ती एक ओळ चौदा वेळा ऐकली. बायको सुमती स्वयंपाकघरातून म्हणाली की, ह्या बाईंना गाऊ द्या की, त्या तिघांना कशाला घसा फोडायला लावता?

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं. तुळसाबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांचे मोठे भाऊ कामठीच्या एका गायन पार्टीत होते. दरवर्षी दसऱ्याला, बुद्धजयंतीला त्यांचे कार्यक्रम असायचे आणि तुळसाबाई लहानपणापासून मागे उभ्या राहून गायच्या. वरची पट्टी त्यांचीच असायची. चार वर्षांपूर्वी त्या पार्टीची कॅसेट निघाली होती.

"सहा गाण्यांत माह्यावालाच आवाज वर आहे," त्या म्हणाल्या. "कागदावर भावाचं नाव, हार्मोनियमवाल्याचं नाव, ढोलकवाल्याचं नाव. माह्यं नाव काय लिवलं त्यायनं? 'आणि साथीदार'. माह्या पोरीनं मले वाचून नाही दाखवलं, मी सोता वाचलं. म्हणून सांगून राह्यली. गाईन. पण नाव लिवा लागन. तुळसाबाई देवराव रंगारी. पुरं."

मार्तंडरावांनी शब्द दिला. शब्द द्यायला त्यांना जड गेलं नाही. आयुष्यभर कचेरीत काढलेल्या माणसाला शब्द देणं आणि तो पाळणं ही दोन वेगळ्या टेबलांची कामं वाटतात.

दुकानामागच्या चटयांच्या खोलीत, कूलर घरघरतो म्हणून बंद करून, घामाच्या धारांत त्यांनी साप टिपला. श्रीधरपंतांनी सापाला 'हे कुक्कुटी, त्यज हा अंडभार' असं पद दिलं होतं. तुळसाबाईंनी ते एकदा वाचलं, कागद नीट घडी करून परत दिला आणि विचारलं की सापाले कोंबडी खायची आहे की तिचा सत्कार करायचा आहे? मग स्वतःच जुळवून म्हणाल्या:

ये वं कोंबडे, ये वं बाई,
पुलाखाली ऊन नाई,
अंडे घेऊन कुठी चालली?
पोट माह्यं कालचं खाली.

'खाली' वर आवाज असा घसरत पाण्यात उतरला की उकाड्यातही मार्तंडरावांच्या अंगावर काटा आला.

आता सगळे आवाज एकत्र करायचे होते. मार्तंडरावांची पद्धत अशी होती की माजघरात मधोमध एक टेपरेकॉर्डर नुसता टिपायला ठेवायचा आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेले दोन आजूबाजूला ठेवून एकदम वाजवायचे. एकावर आतापर्यंत जमलेलं सगळं, दुसऱ्यावर नवा आवाज. ज्याचा आवाज मोठा हवा ते यंत्र जवळ आणायचं, ज्याचा बारीक हवा ते लांब सरकवायचं. अंतर हाताने मोजून फरशीवर खडूने खुणा केल्या होत्या. कोंबडी अडीच हात. सूत्रधार तीन हात. सापाला त्यांनी आधी दोन हातांवर ठेवलं, मग त्यांचा कान ऐकेना म्हणून दीड हातावर आणलं. सुमतीला आठ दिवस माजघरातून जाताना या खुणांवरून पाय उचलून जावं लागत होतं. ते आठही दिवस वरणात मीठ जास्त पडत राहिलं.

सर्वांत शेवटी मामा. मामाच्या चार ओळी मार्तंडरावांनी अकरा वेळा टिपल्या होत्या. रांजणात तोंड घालून गायले, न्हाणीघरात गायले, पहाटे उपाशीपोटी गायले. त्यांतली बरी त्यांनी निवडली आणि दोन हातांवर ठेवून वाजवली. साप उत्तम चालला होता, कोंबडी उत्तम चालली होती, आणि मामाने तोंड उघडताच सगळ्यावर पाणी पडलं. त्यांनी यंत्र चार हातांवर नेलं. तरी तेच. उंबरठ्यावर ठेवलं. ओसरीवर ठेवलं. मग तार ओढून अंगणात, गुलबक्षीच्या झाडाजवळ ठेवलं आणि आत येऊन ऐकलं. अंगणातूनही तो आवाज आत येऊन गाण्याचा नाश करत होता. मार्तंडराव दारातच बसले. त्यांना रडू आलं, आणि रडतानाही त्यांच्या कानाला कळत होतं की खरं काय आहे. मग ते अंगणात गेले आणि त्यांनी यंत्र बंद केलं. शेवटची कॅसेट मामाशिवाय टिपली गेली. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

कॅसेट मंडळाच्या सभेत वाजली. सर्वांनी माना डोलावल्या. श्रीधरपंत म्हणाले की मामा फार संयत झाला आहे, असा साक्षीभाव हल्ली ऐकायला मिळत नाही. मुकुंद वकील म्हणाले की मामाने शेवटच्या ओळीत कमाल केली. मार्तंडरावांनी हात जोडून आभार मानले. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आभार मानताना त्यांना गोडही वाटलं.

मग कॅसेटमध्ये घालायच्या छापील कागदाचा विषय निघाला. सात सभासदांची नावं पदव्यांसह पक्की झाली. मार्तंडरावांनी सांगितलं की साप तुळसाबाई रंगारी यांनी गायला आहे, त्यांचं नाव हवं. एकाने विचारलं की कोण, ती मोड देणारी? दुसरा म्हणाला की मग उद्या कूलरमध्ये पाणी भरणाराही नाव मागेल. तिसऱ्याला कागदावर जागा कमी वाटली. श्रीधरपंतांनी सर्वांना थांबवून समजुतीच्या सुरात सांगितलं की आपल्याकडे भेदभाव वगैरे मुळीच नाही, तो विषयच नको, परंतु मंडळाला घटना आहे आणि घटनेत सभासदांचाच उल्लेख करता येतो. खरं कारण कुणी उच्चारलं नाही. ते सातही जणांना माहीत होतं, म्हणून उच्चारायची गरज नव्हती. सापापुढे 'इतर' असं छापावं, विरोध असेल त्याने हात वर करावा, असं अध्यक्ष म्हणाले.

मार्तंडरावांचा हात खांद्यापर्यंत आला. तिथून तो कानाकडे वळला आणि त्यांनी कान खाजवला. वहीत 'सर्वानुमते' असं लिहिलं गेलं.

श्रावणातल्या एका रविवारी नत्थूजींच्या दुकानात कॅसेटचं उद्घाटन झालं. पन्नास कॅसेट काढल्या होत्या, त्या सभासदांनी एकेक स्वतःला ठेवून आपापल्या सोयऱ्यांना वाटल्या. यंत्राच्या डोक्यावर टेपरेकॉर्डर होता आणि दर रुपयाला कॅसेट मागे फिरवायचं काम तुळसाबाईंकडेच होतं. अर्ध्या तासात एक विचित्र गोष्ट घडली. पोरं मुद्दाम मरायला लागली. साप गातो म्हणून कोंबडीला पुलाच्या कडेला नेऊन उभी करायची आणि कान देऊन ऐकायची. नत्थूजींचा गल्ला दुप्पट वेगाने भरू लागला आणि त्यांना पहिल्यांदाच संगीताची गोडी लागली. दुपारपर्यंत गल्लीतली लहान मुलं 'ये वं कोंबडे' म्हणत फिरत होती.

तुळसाबाईंनी एक कॅसेट उघडून आतला कागद काढला. वरून खालपर्यंत बोट ठेवून वाचला. कोंबडी, ॲड. मुकुंद अमुक, बी.ए., एलएल.बी. मामा, मार्तंड पेठे. ध्वनिमिश्रण, पुन्हा मार्तंड पेठे. सगळ्यात खाली, साप, इतर. तिथे त्यांचं बोट थांबलं. त्यांनी मार्तंडरावांकडे पाहिलं. मार्तंडराव पेढे वाटत होते. कागद पूर्वीसारखा घातला, डबी बंद केली, आणि पुढच्या पोरासाठी कॅसेट मागे फिरवली. दुसऱ्या दिवशीपासून त्या कामावर आल्या नाहीत.

चार दिवस मार्तंडरावांनी स्वतःला घटना समजावून सांगितली. पाचव्या दिवशी ते ऑफिसातून अर्धी रजा काढून, शाईचा पेन खिशाला लावून सायकलवर निघाले. पन्नास घरांत जाऊन प्रत्येक कागदावर, तळाशी, बारीक अक्षरांत 'साप: तुळसाबाई देवराव रंगारी' असं लिहायचं त्यांनी ठरवलं होतं. अडीच आठवडे ते हेच करत होते. लोकांनी त्यांना पाणी दिलं, पोहे दिले आणि डोकं ठिकाणावर आहे ना असं आडून विचारलं. मुकुंद वकिलांच्या व्याह्यांनी कॅसेटवर सत्यनारायणाची कथा भरून टाकली होती. आणखी एकाच्या घरी नातवाने टेप ओढून पतंगाला शेपूट लावली होती. श्रीधरपंतांनी स्वतःची प्रत दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात ठेवली होती, आणि मार्तंडरावांना पाहताच किल्ली हरवल्याचं त्यांच्या लक्षात आलं. राहिल्या सत्तेचाळीस. शेहेचाळीस कागदांवर नाव चढलं. सत्तेचाळिसावी त्यांची स्वतःची होती, तिच्यावरही त्यांनी नाव लिहिलं. ती घेऊन ते एका रविवारी कामठीच्या बसमध्ये बसले. बसमध्ये त्यांना हलकं वाटत होतं. आपण मंडळासमोर नाही तरी कागदावर शब्द पाळला, असं ते मनाशी म्हणत होते.

घर शोधायला वेळ लागला नाही. आजूबाजूला मागांची खटखट चालू होती. तुळसाबाईंचे यजमान देवराव मागावरच्या पाळीला गेले होते. तुळसाबाईंनी खाट टाकली, पाणी दिलं, आणि समोर चौरंगावर बसल्या. आता कॅन्टोन्मेंटजवळच्या एका शाळेत काम धरल्याचं त्यांनी सांगितलं. मार्तंडरावांनी सगळी हकीकत सांगून कॅसेट पुढे केली. त्यांनी कागद काढून वाचला. या वेळी खालून वर.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण लई बारीक लिवलं."

मार्तंडराव म्हणाले की जागाच नव्हती.

तुळसाबाईंचं बोट सावकाश वर सरकलं आणि एका नावावर थांबलं. "मामा, मार्तंड पेठे. भाऊ, हा मामा कुठी गाते? कॅसेट मी दुकानात पन्नास खेप फिरवली. मले काही आयकू नाही आला."

मागांची खटखट चालू होती. मार्तंडरावांनी मान खाली घातली. मग त्यांनी सगळं सांगितलं, रांजण, ओसरी, अंगण, गुलबक्षीचं झाड, रेडिओची तीन पत्रं. जे बायकोला सांगितलं नव्हतं ते पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर तुळसाबाई म्हणाल्या, "तुम्हाले तुमचा आवाज काढता आला. नाव नाही निघालं काहून?"

मार्तंडरावांनी खिशातून पेन काढला, टोपण उघडलं. 'मामा' आणि आपलं नाव यावर आडवी रेघ मारली आणि वरच्या मोकळ्या जागेत, मोठ्या अक्षरांत, तुळसाबाईंचं नाव पुन्हा लिहिलं. शाई वाळेपर्यंत दोघंही त्या कागदाकडे पाहत बसले. मार्तंडरावांना लाज वाटत होती, आणि लाजेच्या आत कुठेतरी बरंही वाटत होतं.

"आणि बाकीच्या शेहेचाळीस?" तुळसाबाईंनी विचारलं.

उद्यापासून पुन्हा सगळ्या घरी जातो, असं ते म्हणाले.

"चहा घ्या आणि आजच निघा," तुळसाबाई उठत म्हणाल्या. "उद्या तुम्हाले पुन्हा मंडळाची याद येईन."